वर्धा नदीत क्रूझ काहून नाही?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. त्यानं युट्यूबवर युरोपातल्या नदीचा व्हिडिओ पाहिला. दिवसभराची बोटसफर, डोक्यावरून पूल जातायत, आणि मधेच बोट एका उंच भिंतींच्या खोलीत शिरते आणि लिफ्टसारखी खाली उतरते. त्याचा प्रश्न: "भाऊ, आपल्या वर्धा नदीत असं काहून नाही?"

आधी ती लिफ्ट समजून घेऊ. तिला लॉक म्हणतात. नदीला बांध घातला की वर पाणी उंच, खाली पाणी खोल. बोट उडी तर मारू शकत नाही. म्हणून बाजूला दोन दरवाजांची एक लांबट खोली बांधतात. बोट आत आली की मागचा दरवाजा बंद. मग खालच्या बाजूची झडप उघडतात, खोलीतलं पाणी खालच्या पात्रात निघून जातं आणि बोट हळूहळू खाली येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. वर चढायचं तर हेच उलट. पंप लागत नाही, सगळं काम उताराचं. मला तर हे अजूनही भारी वाटतं.

आता आपल्याकडे या. समजा सकाळी कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या माहेरी दर्शन घेतलं आणि बोटीनं पुलगावला निघालो. वाटेत धनोडीचं निम्न वर्धा धरण लागतं. त्याला ३१ दरवाजे आहेत, पण ते पुराचं पाणी सोडायचे. बोट त्यातून जाऊ शकत नाही. म्हणजे तिथं लॉक हवं.

बांधूया. ३० मीटर लांब, ६ मीटर रुंद, आणि बोट १० मीटर खाली उतरवायची. हे आकडे मी हिशेबाला सोपे म्हणून घेतलेत. गुणाकार करा: १,८०० घनमीटर, म्हणजे १८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे १८० टँकर, तेही एका फेरीला! हे पाणी वाया जात नाही, खाली नदीतच जातं, हे खरं. पण धरणातून गेलं ते गेलं. रब्बीत कालव्याच्या पाळीची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला हे कोण सांगणार?

पनामा कालव्यातही हेच झालं. तिथल्या लॉकना गाटुन तलावाचं गोडं पाणी लागतं. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, तलाव उतरला आणि रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली. भर पावसाच्या देशात ही गत, तर विदर्भाचं काय सांगायचं!

गंमत म्हणजे आपल्या भागासाठी लॉकचा बेत खरोखर झाला होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना. इंग्रजांची नजर हिंगणघाटच्या कापसाकडे गेली. गोदावरीवर धवलेश्वरमचं धरण बांधणारे इंजिनिअर सर आर्थर कॉटन (आडनावही कॉटनच!) यांचा आग्रह होता की माल नदीनं न्या. वर्धा, मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि थेट पूर्व किनारा.

अडचण खडकांची होती. दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी, असे तीन मोठे अडथळे. त्यांना वळसा घालून कालवे आणि लॉक बांधायचं ठरलं. दुम्मगुडेमला बरंच काम झालंही. पण नदीला बोटीपुरतं पाणी वर्षातले काही महिनेच. दरम्यान १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. गठाणी बारमाही रुळांवरून जाऊ लागल्या. १८७१ मध्ये नदीचं काम बंद झालं.

त्या रेल्वेनं वर्धा नदी ओलांडली ती पुलगावला. नावातच पूल आहे बघा. माझ्या मते लॉकला हरवलं ते या पुलानं.

आता पुलाखालून जायचं म्हटलं तरी पाण्याची पातळी नेमकी लागते. पाणी कमी तर बोटीचा तळ खडकाला घासतो, पाणी फार चढलं तर छत पुलाला लागतं. युरोपातल्या बऱ्याच नद्यांवर ठिकठिकाणी बांध घालून पातळी सांभाळतात, म्हणून ते व्हिडिओ इतके शांत दिसतात. आपल्याकडे भरपूर पाणी म्हणजे पूर, आणि नदी शांत म्हणजे वाळू, खडक, मधे मधे डोह. डोहात भोई बांधवांचा डोंगा चालतो, दोन मजली क्रूझ नाही.

वैनगंगा-प्राणहितेला २०१६ च्या कायद्यानं राष्ट्रीय जलमार्ग केलंय, त्यामुळे अशा घोषणा पुन्हा कानावर येतील. तेव्हा दोनच प्रश्न विचारा: एप्रिलमध्ये पात्रात किती खोल पाणी असेल, आणि ते कोणाच्या वाट्याचं?

तोवर जलाशयात बोटिंग करा, मजा येते. पण १४ सप्टेंबर २०२१ विसरू नका. याच वर्धा नदीत, वरुड तालुक्यातल्या झुंजला नाव उलटून ११ जण गेले. लाइफ जॅकेट अंगावर चढवून बांधल्याशिवाय बसू नका, आणि नावाडी "अजून दोघं मावतात" म्हणाला की तुम्ही उतरा.