अमेरिकेतील घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत कशी मिळवावी?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत गेली आणि तेथेच स्थायिक झाली. त्यांच्या विवाहाची बोलणी सुरू झाली, की कधी कधी असे समजते की वर किंवा वधू ह्यांपैकी एकाचा पूर्वी विवाह झालेला होता व तेथील न्यायालयात घटस्फोटही झाला आहे. ‘घटस्फोट तर झालेला आहे, मग आता अडचण कसली?’ असे पालक विचारतात. धर्मगुरू मात्र न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागतात. ही प्रत कोठून व कशी आणावयाची, ह्याची माहिती आपल्याकडे फारशी कोणाला नसते. म्हणून हा लेख.

हा कागद ख्रिस्तसभेला कशासाठी हवा?

पूर्वीचा विवाहबंध अस्तित्वात असताना केलेला दुसरा विवाह अवैध ठरतो, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम १०८५ सांगते. पहिला विवाह अवैध होता किंवा त्याचा बंध सुटला आहे हे कायदेशीरपणे व निश्चितपणे सिद्ध होईपर्यंत दुसरा विवाह लावता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. सरकारी न्यायालयाचा घटस्फोट हा बंध सोडवीत नाही. कलम १०६० नुसार प्रत्येक विवाह, त्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, वैधच मानावयाचा असतो. पहिला जोडीदार कॅथॉलिक नव्हता म्हणून तो विवाह मोजायचा नाही, हा समज चुकीचा आहे. दोघेही प्रोटेस्टंट असले, तरी त्यांचा विवाह वैधच मानला जातो.

मग घटस्फोटाच्या कागदाची गरज काय? विवाह अवैध असल्याचा अर्ज स्वीकारण्यापूर्वी, ह्या दांपत्याचा संसार कायमचा मोडला आहे व तो पुन्हा जोडला जाण्याची शक्यता नाही, अशी धर्मप्रांतीय न्यायाधीशांची खात्री पटावी लागते (कलम १६७५). हुकूमनामा हा त्याचा ठळक पुरावा असतो. विवाहाची तारीख, दोघांची पूर्ण नावे व विभक्त होण्याची तारीख ह्यांचीही त्यावरून पडताळणी होते. एखाद्या कॅथॉलिक व्यक्तीने परवानगीवाचून केवळ सरकारी नोंदणी कार्यालयात विवाह केला असेल, तर चौकशी पुष्कळ सोपी होते. पण तेथेही स्नानसंस्काराचा व विवाहनोंदणीचा दाखला ह्यांच्याबरोबर हा हुकूमनामा लागतोच.

काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत घटस्फोटाचा कायदा हा राज्याचा विषय आहे. देशभरातील घटस्फोटांची एकत्रित नोंदवही कोठेही नाही. प्रत्येक राज्याचे आपल्या जिल्ह्यासारखे भाग पाडलेले असून त्यांना काउंटी म्हणतात. टेक्सासमध्ये २५४, न्यूयॉर्कमध्ये ६२, कॅलिफोर्नियात ५८, तर न्यू जर्सीत २१ काउंटी आहेत. बहुतेक राज्यांत घटस्फोटाचा दावा ज्या काउंटीच्या न्यायालयात चालला, तेथील क्लार्कच्या कार्यालयात त्याचे कागद राहतात.

न्यायालयांची नावे राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात ते सुपीरियर कोर्ट असते. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, तर इलिनॉय व फ्लोरिडात सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे अर्ज करावा लागतो. पेनसिल्व्हेनियाच्या अनेक काउंटींत हे काम प्रोथोनोटरी नावाचा अधिकारी पाहतो. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट सुप्रीम कोर्टात होतो. पण नाव तसे असले तरी ते तेथील सर्वोच्च न्यायालय नव्हे, आणि कागद काउंटी क्लार्ककडे असतात. न्यू जर्सीत दावा काउंटीत चालतो, परंतु अंतिम हुकूमनाम्याची प्रत ट्रेंटन येथील सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडून मिळते.

लुईझियाना राज्याची गोष्ट आपल्याला विशेष वाटेल. तेथे काउंटीला ‘पॅरिश’ म्हणतात. फ्रेंच व स्पॅनिश राजवटींत तेथील विभाग कॅथॉलिक धर्मग्रामांवरून ओळखले जात, त्यावरून हे नाव रूढ झाले. आज ह्या ६४ पॅरिश पूर्णपणे सरकारी आहेत. घटस्फोटाची नोंद अमुक पॅरिशमध्ये आहे असे कळले, तर तेथील धर्मगुरूंना पत्र न लिहिता न्यायालयाला लिहावे.

कोणत्या काउंटीत शोधावे?

विवाह जेथे झाला तेथे घटस्फोटाची नोंद असेलच असे नाही. दावा दाखल करतेवेळी पतिपत्नींपैकी एक जण जेथे राहत होता, तेथे ती सहसा सापडते. विवाह वसईच्या चर्चमध्ये झाला असला, तरी कागद टेक्सासमध्ये असू शकतात. नेवाडा राज्यात तर सहा आठवड्यांचे वास्तव्य पुरते. त्यामुळे अन्यत्र राहणाऱ्या जोडप्याची नोंद लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तेथेही आढळू शकते.

शहराचे नाव पुरेसे नसते. ‘मुलगा ह्यूस्टनला आहे’ असे आपण म्हणतो. ह्यूस्टनचा बहुतेक भाग हॅरिस काउंटीत येतो; पण त्याला लागून असलेले शुगर लँड हे फोर्ट बेंड काउंटीत आहे आणि तिचे मुख्य ठिकाण रिचमंड. न्यूयॉर्क शहरात तर पाच काउंटी आहेत. ब्रुकलिनची नोंद किंग्ज काउंटीत, तर स्टेटन आयलंडची रिचमंड काउंटीत मिळते. म्हणून त्या काळातील पूर्ण पत्ता प्रथम विचारून घ्यावा.

कोणता कागद मागावा?

येथे पुष्कळांची गफलत होते. घटस्फोटासंबंधी तीन प्रकारचे कागद असतात. पहिला, राज्याच्या आरोग्य खात्याचा दाखला किंवा नोंद असल्याचे पत्र. त्यात नावे, तारीख व ठिकाण एवढेच असते. टेक्सासचे राज्य कार्यालय १९६८ पासूनच्या घटस्फोटांविषयी असे पत्र देते. ते हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही, मात्र काउंटी कोणती हे शोधण्यास उपयोगी पडते. दुसरा, न्यायाधीशांच्या सहीचा अंतिम हुकूमनामा. आपल्याला हाच हवा असतो. तिसरा, दाव्याची संपूर्ण फाईल. तीत मुलांचा ताबा, पैशाचे व्यवहार, परस्परांवरील आरोप असे सर्व काही असते. न्यायासनाने स्पष्टपणे मागितल्याशिवाय ती मागवू नये.

प्रत ‘सर्टिफाइड’ म्हणजे न्यायालयाचा शिक्का व क्लार्कची सही असलेली असावी. पैसे घेऊन माहिती देणाऱ्या खाजगी संकेतस्थळांवरील छापील पाने पुरावा म्हणून चालत नाहीत. हुकूमनामा अंतिम आहे ना, हेही पाहावे. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रथम ‘नायसाय’ हुकूमनामा निघतो व तो ९० दिवसांनी कायम होतो. कॅलिफोर्नियात कागदावर सहीची तारीख एक आणि विवाह संपुष्टात येण्याची तारीख दुसरी असू शकते.

अर्ज कसा करावा?

प्रथम काउंटीच्या न्यायालयाचे संकेतस्थळ उघडून दोघांच्या नावांनी शोध घ्यावा. पत्नीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे तपासावीत. आपली नावे तेथे वेगवेगळ्या प्रकारे लिहिली जातात. डिसोझा, परेरा, लोपीस ह्या आडनावांची स्पेलिंगे बदलून पाहावीत. दावा क्रमांक मिळाला तर काम निम्मे झालेच. न मिळाल्यास अंदाजे वर्ष कळवून शोध घेण्याची विनंती करता येते. त्याची फी वेगळी असते. जुने कागद मायक्रोफिल्मवर किंवा राज्याच्या अभिलेखागारात गेलेले असू शकतात. क्लार्कचे कार्यालय तसे कळवते.

अर्जात दोघांची पूर्ण नावे, घटस्फोटाचे वर्ष, दावा क्रमांक, हव्या असलेल्या प्रती व त्या ‘सर्टिफाइड’ हव्यात हे लिहावे. ओळखपत्राची प्रत व फी जोडावी. फी प्रत्येक काउंटीत निराळी असल्याने ती आधी विचारावी. भारतातून डॉलरचा धनादेश पाठविणे कठीण जाते. म्हणून ऑनलाइन अर्जाची सोय आहे का हे पाहावे किंवा तेथील विश्वासू नातेवाइकाकडे हे काम सोपवावे. शक्यतो दोन प्रती घ्याव्यात.

अर्ज ज्याचा घटस्फोट झाला त्यानेच करावा, हे सर्वांत उत्तम. अनेक राज्यांत हुकूमनामा कोणासही पाहता येतो. परंतु न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाईल १०० वर्षे बंद ठेवलेली असते आणि ती पक्षकार, त्यांचे वकील किंवा न्यायालयाचा आदेश असलेली व्यक्ती ह्यांनाच मिळते. तेथे भावी वधूच्या वडिलांनी कितीही पत्रे पाठविली तरी उपयोग होणार नाही.

कागद हाती आल्यावर

हुकूमनामा म्हणजे पुनर्विवाहाची परवानगी नव्हे. तो चौकशीच्या आरंभीचा कागद आहे. विवाह जेथे झाला तेथील, दोघांपैकी कोणाचेही वास्तव्य जेथे आहे तेथील, किंवा बहुतेक पुरावे जेथे गोळा करावे लागतील तेथील न्यायासनाकडे अर्ज करता येतो. म्हणजे तो अमेरिकेतील धर्मप्रांतात किंवा, विवाह येथे झाला असल्यास, येथेही करता येईल. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली केलेल्या सुधारणांमुळे दुसऱ्या न्यायासनाच्या अनुकूल निकालाची सक्ती उरलेली नाही. तरीही चौकशीला वेळ लागतोच. निकाल मिळेपर्यंत धर्मगुरू लग्नाची तारीख देऊ शकत नाहीत. हॉल ठरवून, पत्रिका छापून मग कागद शोधू लागलेल्या कुटुंबाची किती ओढाताण होते, हे सांगावयास नको.

सरकारी बाजूही विसरू नये. ख्रिस्तसभेच्या न्यायासनाच्या निकालाने भारतीय कायद्यानुसार विवाह संपुष्टात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. भारतात झालेल्या विवाहाचा अमेरिकेतील घटस्फोट येथे मान्य होईल की नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार ठरते. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. येथील सरकारी कार्यालयाने मागणी केल्यास हुकूमनाम्यावर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल करून घ्यावे लागते. भारत २००५ पासून ह्या करारात सहभागी आहे.

शेवटी एक विनंती. कागद मागितला म्हणजे आपल्यावर अविश्वास दाखविला, असे कोणी मानू नये. घटस्फोट झालेली व पुन्हा विवाह न केलेली व्यक्ती ख्रिस्तसभेच्या बाहेर गेलेली नसते. केवळ घटस्फोटामुळे ती पवित्र संस्कारांना मुकत नाही. विवाह अवैध ठरला तरी त्यातील मुले अनौरस ठरत नाहीत, हे कलम ११३७ सांगते. म्हणून पूर्वीच्या विवाहाविषयी साखरपुड्याआधीच मोकळेपणाने बोलावे, हुकूमनामा बंद पाकिटात आपल्या धर्मगुरूंच्या हाती द्यावा आणि त्यातील मजकूर गावात चर्चेचा विषय होऊ देऊ नये. नव्या संसाराचा पाया सत्यावर उभा राहावा, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप असतो.