डोळ्यांना न दिसणारी तार

मकरसंक्रांत जवळ आली, की भोसरी, पिंपरी, निगडीच्या पुलांवरून जाणारे अनेक दुचाकीस्वार गळ्याला रुमाल गुंडाळतात. २०१८ मध्ये नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर मांजाने गळा चिरून एका दुचाकीस्वार तरुणीचा मृत्यू झाला होता. समोरचा दोरा दिसत कसा नाही, असा प्रश्न अशा वेळी पडतो. विमान चालवणाऱ्यालाही तो चुकलेला नाही.

२६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले प्रशिक्षणाचे छोटे विमान वैनगंगेच्या पात्रात कोसळले. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला ते धडकले होते. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी, दोघांचाही जीव गेला.

तार दिसणे हे नुसत्या नजरेच्या तीक्ष्णतेवर ठरत नाही. तार आणि तिच्यामागचे दृश्य यांच्या रंगात, उजेडात फरक असावा लागतो. मागे झाडी, वाळू किंवा चकाकणारे पाणी असेल, तर करड्या रंगाची तार त्यात मिसळून जाते. दिसली तरी ती किती लांब आहे, हे कळत नाही. वस्तूचे अंतर ओळखताना मेंदू दोन्ही डोळ्यांतील प्रतिमांमधला आडवा फरक पाहतो. सलग आडव्या तारेच्या बाबतीत हा फरक जवळजवळ उरतच नाही. शिवाय ज्या वस्तूवर आपण थेट आदळणार असतो, ती नजरेत इकडेतिकडे सरकत नाही; एकाच जागी राहते. न हलणाऱ्या गोष्टीकडे लक्ष चटकन जात नाही.

आता वेगाचा हिशेब पाहू. ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाणारे विमान सेकंदाला सुमारे ५१ मीटर अंतर कापते. समोरून येणारे दुसरे विमान दिसणे, धोका ओळखणे, निर्णय घेणे आणि आपले विमान वळणे यासाठी अमेरिकी हवाई नियामकाच्या मार्गदर्शिकेत साडेबारा सेकंद धरले आहेत. तेवढ्या वेळात विमान सुमारे ६४० मीटर पुढे जाते. एवढ्या लांबून बारीक तार दिसण्याची आशा धरणेच चूक.

म्हणूनच वैमानिकांना तार नव्हे, तर तिचे खांब आणि मनोरे शोधायला शिकवतात. काही ठिकाणी तारांवर रंगीत गोळे लावतात. मोकळ्या भागावरही उड्डाण आणि उतरण्याची वेळ सोडली, तर साधारणपणे किमान ५०० फूट, म्हणजे १५० मीटर उंची राखण्याचा नियम आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. उंची म्हणजे चूक सुधारायला हाती असलेला वेळ. खाली उतरून नदीकाठाने उडण्याचा मोह झाला, की हा वेळ संपतो.

पुलावरून जाणाऱ्यांसाठीही धडा तोच. 'नीट बघून चालवू' एवढ्यावर विसंबू नका. वेग कमी ठेवा, हेल्मेटसोबत गळाही झाका आणि हँडलला तारेचा गार्ड बसवा. जे डोळ्यांना दिसणारच नाही, त्याची तयारी आधीच करावी लागते.