स्मृतिपट्ट्यांचे दोषनिदान, संगणकीय

संगणकाची स्मृतिपट्टी तिच्या निर्धारित वेगाने काम करताना चुकत असल्यास त्या चुकीचे मूळ शोधून काढण्याच्या पद्धतीला स्मृतिपट्टीचे दोषनिदान म्हणतात. व्यवहारात या पट्टीस नुसते ‘रॅम’ असेच म्हटले जाते. चालू असलेली आज्ञावली व तिला लागणारी माहिती या स्मृतीत असते. त्यामुळे दोष असूनही संगणक बंद न पडता चुकीचे उत्तर देऊ शकतो आणि हाच यातील खरा धोका होय. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रूसेल्सच्या स्कारबेक विभागात एका उमेदवारास ४,०९६ मते जास्त नोंदली गेली. ही संख्या २ चा बारावा घात आहे. आज्ञावलीत दोष न आढळल्याने स्मृतीतील एक बिट उलटले असावे, असे अनुमान काढण्यात आले.

रचना व वेग : प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातील विद्युत् भाराच्या रूपाने साठविले जाते. ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधून काढली व तिचे पेटंट १९६८ मध्ये देण्यात आले. भार हळूहळू गळत असल्यामुळे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. तापमान ८५° से.च्या वर गेल्यास ही मुदत निम्म्यावर आणावी लागते. ‘डीडीआर-४ ३२००’ या पट्टीवर प्रत्येक तारेतून सेकंदास ३२० कोटी बिटे जातात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सु. ०·३१ नॅनोसेकंद एवढाच काळ येतो. एवढ्या वेळात प्रकाशदेखील निर्वातात सु. ९ सेंमी.च जातो. म्हणून निर्धारित वेग हा एकट्या पट्टीचा गुण नसून पट्टी, तिचा खाचा, मदरबोर्डवरील तारा व प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रक या सर्वांनी मिळून पाळावयाचा करार असतो.

येथे दोन वेगांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. एक वेग जेडेक या संस्थेच्या मानकानुसार ठरलेला असतो. डीडीआर-४ करिता त्यास १·२ व्होल्ट दाब पुरतो. दुसरा वेग उत्पादकाने जाहीर केलेला वाढीव वेग असून त्यासाठी बहुधा १·३५ व्होल्ट दाब द्यावा लागतो. वाढीव वेग प्रत्येक प्रोसेसरला पेलेलच असे नाही. शिवाय चारही खाचे भरल्यास अनेक प्रोसेसरांची मान्य वेगमर्यादा खाली येते. म्हणून पट्टी सदोष ठरविण्यापूर्वी यांपैकी कोणता वेग योजला आहे, ते पाहावे.

चाचणी : कार्यप्रणाली स्वतःच स्मृतीचा काही भाग व्यापत असल्याने तपासणी तिच्याबाहेर, स्वतंत्रपणे सुरू होणाऱ्या ‘मेमटेस्ट८६’ यासारख्या आज्ञावलीने करतात. ती सर्व शून्ये, सर्व एक, सरकते बिट, यादृच्छिक संख्या असे निरनिराळे आकृतिबंध लिहून ते परत वाचते. चाचणी निर्धारित वेगाने, यंत्र पुरेसे तापलेले असताना आणि अनेक फेऱ्यांत घ्यावी. अपवेगाने उत्तीर्ण झालेली पट्टी निर्दोष आहे, असे म्हणता येत नाही.

निदान : प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलणे हा मूळ नियम होय. प्रथम एकच पट्टी एकाच खाच्यात ठेवून चाचणी घेतात. नंतर तीच पट्टी दुसऱ्या खाच्यात व शेवटी दुसऱ्या यंत्रात तपासतात. चूक पट्टीबरोबर गेली तर दोष पट्टीत आणि खाच्यापाशीच राहिली तर तो खाच्यात, मदरबोर्डात किंवा स्मृतिनियंत्रकात असतो. वेग कमी करूनही चूक त्याच पत्त्यावर येत राहिल्यास एखादी स्मृतिपेशी निकामी झालेली असते. अनेक पत्त्यांवर तेच बिट चुकत असेल, तर माहितीची तार, तिचा संपर्क किंवा एखादी चकती यांचा संशय घ्यावा. विखुरलेल्या चुका केवळ पूर्ण वेगालाच येत असतील, तर कालमर्यादा, दाब किंवा उष्णता यांकडे लक्ष द्यावे. वेग उतरवून चुका थांबविणे हा तात्पुरता उपाय आहे. मानक वेग न पाळणारी पट्टी बदलून घेणेच योग्य. वाढीव वेग न पेलल्यास मात्र मानक वेगावर परतणे, हे दुरुस्तीचेच काम होय.

हवामानाचा परिणाम : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हिंजवडी येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क असून तेथील संगणकांच्या निगेत हवामानाचाही विचार करावा लागतो. सह्याद्रीलगतच्या या तालुक्यात पावसाळ्यात हवा अत्यंत दमट असते. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या थंड यंत्रावर दव जमते व संपर्क बिघडू शकतो. असे यंत्र खोलीच्या तापमानाला येऊन कोरडे झाल्यावरच सुरू करावे. याउलट कोरड्या ऋतूत अंगावरील स्थिर विद्युत् चकत्यांना घातक ठरते. म्हणून पट्टी हाताळण्यापूर्वी वीज तोडून अंगावरील विद्युत् भार जमिनीस द्यावा व पट्टी कडेने धरावी.

दोषसुधारणा : रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकेतपद्धतीच्या विस्ताराने ६४ बिटांमागे ८ जादा बिटे ठेवून एका बिटाची चूक सुधारता येते व दोन बिटांची ओळखता येते. सर्व्हरमध्ये अशा पट्ट्या वापरतात आणि सुधारलेल्या चुकांचीही नोंद ठेवतात. त्यांची वाढती संख्या ही पट्टी बदलण्याची पूर्वसूचना होय. डीडीआर-५ प्रकारात चकतीच्या आतच चूक सुधारण्याची सोय आहे. परंतु चकती व प्रोसेसर यांमधील मार्गावर होणाऱ्या चुका तीमुळे सुधारल्या जात नाहीत. पूर्ण वेगाने येणाऱ्या अनेक चुका याच मार्गावरील असल्यामुळे ही सोय चाचणीची जागा घेऊ शकत नाही.