आवाज कुठे मुरतो

"दादा, सगळं फुल्ल केलंय, तरी लाइन बारीकच येते." जुन्या तबकड्यांतून तुकडे उचलून बीट बनवणाऱ्या पोरांकडून हे गाऱ्हाणं मी नेहमी ऐकतो. लाइन म्हणजे स्क्रीनवरची वेव्हफॉर्म. ती बारीक दिसली की त्यांचा हात सरळ 'नॉर्मलाइझ'कडे जातो. लाइन जाड होते खरी, पण ढोलकीबरोबर खरखर, सुस्कारा आणि विजेची गुणगुणही तेवढीच वर येते. म्हणून त्या बटणाला मी आधी हात लावू देत नाही. रेकॉर्ड पुन्हा लावायची आणि एवढंच ऐकायचं: आवाज नुसता लहान आहे, की लहान आणि किरटाही आहे?

निम्मं निदान इथंच होतं. सुईमागच्या साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. घरगुती उपकरणांच्या लाइन इनपुटची अपेक्षा असते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास. ही तफावत भरून काढायला मध्ये फोनो प्रीअँप लागतो. तो आवाज ४० डेसिबलने, म्हणजे शंभरपट वाढवतो. मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजमधून बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी येतं, त्याला ६० डेसिबल म्हणजे हजारपट वाढ द्यावी लागते. पण प्रीअँपचं काम नुसतं वाढवण्याचं नसतं. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी हेलकावते की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून तबकडी कोरतानाच खर्ज दाबतात आणि वरचे स्वर चढवतात. हे किती करायचं याची आरआयएए नावाची मोजपट्टी १९५४ पासून रूढ झाली. तिच्यानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा स्वर सुमारे १७ डेसिबलने खाली असतो, तर १०,००० हर्ट्झचा जवळपास १४ डेसिबलने वर. वाजवताना प्रीअँप हे उलटं करतो, आणि चढवलेले वरचे स्वर खाली आणताना तबकडीचा सुस्काराही दबतो.

तेव्हा आवाज लहान आहे, ढोलकीचा घुमारा गायब आहे आणि नुसती टणटण ऐकू येते, तर मध्ये प्रीअँपच नाही असं समजायचं. बऱ्याच नव्या टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, आणि मागे एक बारीक स्लायडर असतो, एका टोकाला 'फोनो', दुसऱ्या टोकाला 'लाइन'. तो 'फोनो'वर राहिला आणि वायर मात्र इंटरफेसच्या लाइन इनपुटात गेली, कित्येक तक्रारींचं मूळ एवढंच असतं. उलटही होतं. आतला प्रीअँप चालू ठेवून वायर मिक्सरच्या फोनो इनपुटात घातली, तर खर्ज दोनदा चढतो आणि सगळं फाटतं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात आरसीएची वायर जुगाड करून घालणाऱ्यांना मी सरळ नको म्हणतो. तिथं बहुधा एकच चॅनेल असतो, आणि त्यावर फोनवरच्या बोलण्यासाठी केलेली काटछाट असते.

आवाज लहान पण भरीव असेल, तर प्रकरण साधं असतं: कुठला तरी गेन कमी आहे. किंवा अँप्लिफायरच्या हेडफोनच्या भोकातून रेकॉर्डिंग चाललंय आणि सोसायटीच्या धाकाने व्हॉल्यूम खाली आहे. अँप्लिफायरला 'रेक आउट' असेल तर तो वापरावा. त्याच्यावर व्हॉल्यूमच्या बटणाचा परिणाम होत नाही.

खरी गंमत तिसऱ्या प्रकारात आहे, आणि तो मला फार आवडतो. टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाला कार्ट्रिज ज्या हेडशेलवर बसवलेलं असतं, तिथं केसाएवढ्या चार वायरी दिसतात. पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची. कुणीतरी कार्ट्रिज बदलताना यातली एक जोडी उलट लावली, तर दोन्ही चॅनेल स्वतंत्र ऐकताना काहीच बिघडलेलं वाटत नाही. साठच्या दशकातली मराठी चित्रपटगीतं आणि नाट्यगीतं बहुतेक मोनो तबकड्यांवर आहेत. पोरं ती स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवतात आणि सॅम्पलरमध्ये जागा वाचावी म्हणून दोन्ही चॅनेल एकत्र करतात. त्या क्षणी गाणं नाहीसं होतं, कारण एका चॅनेलमधलं वर जाणारं दुसऱ्यात तितकंच खाली जातं. उरते ती खरखर. धूळ आणि ओरखडे सुईला बरंचसं उभ्या दिशेने हलवतात. एरवी दोन चॅनेल मिळवताना ते आवाज एकमेकांना खोडतात, इथं नेमके तेच दुप्पट होतात. बारीक चिमट्याने दोन वायरींची अदलाबदल केली की बाई पुन्हा गायला लागतात. एकच बाजू लहान येत असेल, तर हेडशेलच्या पितळी टोकांवर काळपटपणा चढलाय का पाहावं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा पुरतो.

आता गेन. मी रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरतो. जोराच्या जागी खाचांचा पोत खडबडीत आणि थोडा विरळ दिसतो, शांत जागी गुळगुळीत. सुई आधी त्या खडबडीत जागी टेकवायची आणि गेन तिथं लावायचा. गायकीवर गेन लावला, तर पुढं ढोलकीची पहिलीच थाप कापली जाते. सर्वांत मोठी थाप उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान आली की मी थांबतो. यावर पोरं नाराज होतात. लाल दिव्यापर्यंत न्या, असं त्यांनी कुठं तरी वाचलेलं असतं.

तो सल्ला खोटा नाही, जुना आहे. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमध्ये गाजलेला ई-म्यूचा एसपी-१२०० हा सॅम्पलर १९८७ चा, १२ बिटचा, आणि एकूण जेमतेम दहा सेकंद साठवणारा. पीट रॉकसारख्यांनी त्याच्यावर काम केलं. त्या काळी ३३ ची तबकडी ४५ वर पळवून आत घ्यायची आणि मग सूर उतरवायचा, म्हणजे तेवढ्याच सेकंदांत जास्त संगीत मावायचं. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. एक बिट सुमारे ६ डेसिबलचा. २४ डेसिबल कमी लेव्हलने घेतलं तर उरतात २५६ पायऱ्या, आणि आवाज कण्या पडल्यासारखा येतो. तिथं काठोकाठ भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आजचा इंटरफेस २४ बिटचा आहे, तर तबकडीची स्वतःची आवाक्याची कमाल ६०-७० डेसिबल. वर १० डेसिबल मोकळे सोडले तरी काही सांडत नाही. कापली गेलेली थाप मात्र परत मिळत नाही.

काही तबकड्या मुळातच हळू आवाजात कोरलेल्या असतात. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांचा अख्खा राग बसवायचा तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, म्हणजे आवाज लहान ठेवावा लागतो. ४५ च्या छोट्या ईपीवर सहसा गाण्यांची लांबी बेताची असते, म्हणून तिच्यावरची लावणी दणक्यात येते. ख्यालाच्या एलपीतून आलाप उचलताना मीटर खाली राहिलं तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

रेकॉर्डिंग झाल्यावर मग नॉर्मलाइझ, तेही दोन कामं आटोपून. वाकलेली तबकडी फिरताना २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न येणारा हेलकावा तयार करते. वेव्हफॉर्म सबंध वरखाली डुलताना दिसली की समजायचं. ३० हर्ट्झखालचं कापून टाकलं की वर जागा मोकळी होते. दुसरं म्हणजे ओरखड्याचा कडाका. नॉर्मलाइझ फक्त सर्वांत उंच टोक बघतं. एक 'टक्' उणे १ डेसिबलवर असेल, तर सबंध तुकडा फक्त १ डेसिबलने वाढतो आणि पोरगा म्हणतो, बटण चालत नाही. ती 'टक्' हाताने शोधून काढायची.

शेवटी तुकडे पॅडवर चढवताना मीटरवर फार विसंबू नये. ढोलकीची थाप क्षणभर उंच उडते, पेटी मात्र अखंड भरलेली असते. दोघांचं टोक एका रेषेत आणलं तर पेटी ढोलकीला खाऊन टाकते. पेटीचा पॅड मी पाच-सहा डेसिबल खाली ओढतो, मग ढोलकी वाजवून बघतो, आणि लागलंच तर आणखी ओढतो.