काचेच्या बरणीतील बाग

जलचक्राचा पाठ केवळ फळ्यावरील आकृतीने पुरा होत नाही. तो मुलांच्या डोळ्यांसमोर घडावा लागतो. त्यासाठी रुंद तोंडाची, झाकणाची एक काचेची बरणी पुरेशी आहे.

ही युक्ती योगायोगाने सापडली. १८२९ च्या सुमारास लंडन येथील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंग निघण्यापूर्वीच मातीतून नेचा व गवत उगवले. शहरातील धुराने त्यांच्या बागेतील नेचे मरत. बाटलीतील नेचा मात्र पाणी न घालता सुमारे चार वर्षे जगला. पुढे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि तो नष्ट झाला.

बरणीच्या तळाशी दोन बोटे बारीक खडी, तीवर कोळशाचा चुरा व चार बोटे भुसभुशीत माती घालावी. हंसराजाचे लहान रोप व थोडे शेवाळ शिक्षकांनी स्वतः आणावे. मुलांस विहिरीवर पाठवू नये. माती ओलसर होईल इतकेच पाणी शिंपडून झाकण लावावे. बरणी उजेडात, परंतु उन्हाबाहेर ठेवावी. काचेवर सकाळी दव धरून दुपारी ओसरत असल्यास पाणी योग्य समजावे. काच दिवसभर धूसर राहिल्यास झाकण काही वेळ उघडावे. पिवळे पान तत्काळ काढावे.

मुले मायेने रोज पाणी घालू पाहतील. त्यांना वॉर्ड यांच्या बाटलीचा शेवट सांगावा. हात आवरून निरीक्षण करणे व नोंद ठेवणे, हाच येथील खरा पाठ होय.