चाळिशीनंतरचे एक दुखणे आणि योग्य डॉक्टरचा शोध

निर्मळ म्हटले की वसईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे तेथील तळे, जत्रा आणि पवित्र क्रुसाचे चर्च उभे राहील. आम्ही लिहीत आहोत ते गाव निराळे. हे तेलंगणातील निर्मल, लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेले. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडणारे आणि आता स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण. येथून पश्चिमेस भैंसा ओलांडले की मराठवाडा लागतो. त्यामुळे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शेजाऱ्यांशी दखनी उर्दू बोलणारी कुटुंबे या बाजूस आढळतात. भाषेची ही गोष्ट आम्ही उगाच सांगत नाही. पुढे तिचे काम पडणार आहे.

आजचा विषय धर्मगुरूने हाताळावा काय, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु एके दिवशी एक भगिनी मुलीच्या लग्नाची बोलणी करण्याकरिता आमच्याकडे आली आणि बोलता बोलता खुर्चीचा हात धरून बसली. चेहरा पांढराफटक पडला होता. पाणी दिले, विचारपूस केली, तेव्हा कळले की चार महिने तिची पाळी आली नव्हती आणि आता अठरा दिवस रक्तस्राव थांबत नव्हता. वय चव्वेचाळीस. "वय झालं, फादर. आता असंच व्हायचं, असं सगळ्या म्हणतात," एवढेच ती म्हणाली.

खोदून विचारता अधिक कळले. लग्नानंतर पाच वर्षे मूल नव्हते, म्हणून एका डॉक्टरांनी तपासून 'पीसीओडी' असे नाव सांगितले होते. औषधे झाली, दोन मुले झाली, आणि फाईल कपाटात गेली. मुले झाल्यावर एका ठिकाणी तिला सांगण्यात आले की, आता संसार पूर्ण झाला, या दुखण्याची चिंता सोडा. तिने ती सोडली. सतरा वर्षे सोडली.

हे दुखणे मूल होण्या-न-होण्यापुरतेच आहे, हा समज अनेक सुशिक्षित घरांतूनही आम्हांस आढळला. तो समज होण्यास त्याचे नावच पुष्कळसे कारण आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांचे बीजांडकोश मोठे व गाठीगाठींचे दिसले, म्हणून गाठींवरून नाव पडले. वास्तविक त्या गाठी नव्हेत. पूर्ण न पिकता अडून राहिलेल्या बीजपुटिका त्या. मूळ बिघाड शरीरातील रसांच्या, म्हणजे संप्रेरकांच्या मेळाचा. पुरुषी संप्रेरके प्रमाणाबाहेर वाढतात, आणि बहुतेक रुग्णांत इन्शुलिनचा अंमल शरीरावर नीट चालत नाही, म्हणून शरीर ते अधिकाधिक निर्माण करीत राहते. नाव दिशाभूल करते, ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका मंडळाने २०१२ सालीच केली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातील शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींस हा विकार असतो, आणि सत्तर टक्क्यांपर्यंत स्त्रियांस तो असल्याचे ठाऊकच नसते. मुंबईतील पंधरा ते चोवीस वर्षांच्या मुलींची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत एका कसोटीने २२.५ टक्के व अधिक कडक कसोटीने १०.७ टक्के मुलींत तो आढळला. त्या मुलीही एके दिवशी चाळिशीच्या होतील.

मग चाळिशीत काय होते? गंमत अशी की, पुष्कळ जणींची पाळी या सुमारास थोडी नियमितच होऊ लागते, आणि दुखणे गेले असे वाटते. ते गेलेले नसते. त्याने जागा बदललेली असते. मधुमेह, रक्तदाब, रक्तातील चरबी यांच्या रूपाने ते पुढे येते. झोपेत घोरणे व श्वास अडखळणे, मन खचणे, कशातच लक्ष न लागणे, हेही त्याच्याशी निगडित असू शकते. आमच्याकडे भगिनी ते 'चिडचिड' म्हणून सांगतात आणि आपल्या स्वभावास दोष देतात.

दुसरी गोष्ट अधिक जपण्याजोगी. महिनोन्महिने पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचे अस्तर आत वाढत राहते. अशा स्त्रियांत त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक असतो. तो सरसकट होतो असे मुळीच नव्हे, आणि कोणा भगिनीने हे वाचून रात्रीची झोप घालवू नये. परंतु नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला, किंवा रक्तस्राव लांबला, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर 'वय झाले' म्हणून घरी बसू नये. तसेच आवाज एकाएकी घोगरा होऊ लागला वा चेहऱ्यावर झपाट्याने केस वाढू लागले, तर कारण निराळे व अधिक गंभीर असू शकते; तेथे दिवस घालवू नयेत.

"मी कुठे लठ्ठ आहे?" असे आमच्या या भगिनीने विचारले होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याचे उत्तर मोठ्या मौजेने दिले आहे. त्यांनी आपले व आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांच्याही वजनाचा आकडा एकच, २२.३, परंतु साहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय माणसे बारीक दिसूनही आतून बारीक नसतो. म्हणून वजनाच्या काट्याबरोबर कमरेचा घेर पाहावा. आपल्याकडील स्त्रीचा तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात.

आता डॉक्टरचा प्रश्न. ही भगिनी आधी एका मोठ्या शहरात गेली, कारण दूरचा डॉक्टर तो मोठा, अशी आपली समजूत. मुलगी दुभाषी म्हणून सोबत होती. अठरा दिवसांच्या रक्तस्रावाची गोष्ट, नवऱ्याशी संबंधाची गोष्ट, हनुवटीवरचे केस ती गुपचूप काढते ही गोष्ट आईने लग्नाच्या मुलीच्या तोंडून कशी सांगावी? तिने 'थोडा अशक्तपणा आहे' एवढेच सांगितले, आणि डॉक्टरांनी अशक्तपणाचे औषध दिले. भाजीचा भाव करण्यापुरते तेलुगू तिला उत्तम येते. पण देहाचे दुखणे माणूस मातृभाषेतच सांगतो. शेवटी ती शेजारणीच्या सल्ल्याने नांदेडला गेली. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी मुलीस बाहेर बसविले, दार लावले आणि पहिला प्रश्न विचारला तो विसाव्या वर्षीच्या पाळीविषयी.

आमच्या मते योग्य डॉक्टरची खूण हीच. या वयात निदान पुष्कळसे मागच्या इतिहासावरून होते. ज्याला तो ऐकण्यास वेळ नाही, त्याच्या भिंतीवर कितीही पदव्या टांगलेल्या असोत. त्या बाईंनी रक्तदाब पाहिला, कमरेस फीत लावली, थायरॉईडची व रक्ताची तपासणी करविली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी साखर मोजली, सोनोग्राफी केली आणि अस्तराचा तुकडा काढून तपासणीस धाडला. या रुग्णांची साखर एक ते तीन वर्षांनी आणि रक्तदाब दरवर्षी पाहावा, असे २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितले आहे. साखर व रक्तदाब पाहण्याकरिता नांदेड वा हैदराबाद गाठण्याचेही कारण नाही. ते सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गुंता वाढला तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाच्या जोडीस अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

भगिनींनो, जाताना पाळीच्या तारखा, जुनी फाईल, घरात कोणास मधुमेह आहे ते, आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. 'माझी साखर किती?' आणि 'अस्तर पाहिले काय?' हे दोन प्रश्न न लाजता विचारा. उत्तर देताना जो रागावतो तो आपला डॉक्टर नव्हे.

एक गोष्ट आमच्याच अधिकारातील, म्हणून स्पष्ट लिहितो. अशा दुखण्यावर संप्रेरकांच्या गोळ्या देतात. त्यांतील काही संततिप्रतिबंधक म्हणून प्रसिद्ध आहेत. काही भगिनी त्या पापाच्या भयाने घेत नाहीत, आणि आम्हांस विचारीतही नाहीत. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ सालच्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकाच्या पंधराव्या परिच्छेदात रोग बरा करण्यास आवश्यक असा उपचार निषिद्ध मानलेला नाही, त्यामुळे गर्भधारणेस अटकाव होणार हे आधी ठाऊक असले तरीही. हेतू मात्र अटकावाचा नसावा. बारावे पायस यांनीही १९५८ साली हेच सांगितले होते. तेव्हा औषध फेकून देण्यापूर्वी आमचे दार ठोठवावे. त्या गोळ्या तुमच्या वयास व रक्तदाबास मानवतील की नाही, हे मात्र डॉक्टरने ठरवायचे. कित्येकदा या वयात प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या महिन्यातून काही दिवस देऊन काम भागते.

बाकी उपचार घरचाच आहे, आणि म्हणूनच कठीण. आमची ही भगिनी शिवणयंत्रावर आठ-आठ तास बसते; या भागात विड्या वळणाऱ्या स्त्रियांचेही तेच, दिवसभर सूप मांडीवर आणि पाय दुमडलेले. आठवड्यास दीडशे मिनिटे तरी झपाझप चालावे, असे सांगतात. दोन्ही वेळा पांढऱ्या भाताचा ढीग घेण्याऐवजी आजीच्या हातची ज्वारीची भाकरी परत आणली तर बिघडले कोठे? वजन जास्त असल्यास ते शेकडा पाचाने उतरले तरी फरक पडतो. ती आता सायंकाळी वेशीपर्यंत जाऊन येते. पहिले पंधरा दिवस, कोठे निघालीस म्हणून गल्लीने तिला हैराण केले होते.

तिच्या अस्तराच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. साखर मात्र वाढलेली निघाली, आणि ती केव्हापासून वाढली होती हे आता कोणी सांगू शकत नाही. तिला मेटफॉर्मिन सुरू आहे. लग्न ठरल्या तारखेस झाले. पुढची तपासणी दसऱ्यानंतर आहे. मागील खेपेस तिचे यजमान दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले होते. या खेपेस आत येऊन डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते स्वतः ऐकतो, असे त्यांनी गेल्या रविवारी आम्हांस आपणहून सांगितले.