नऊ मिलिमीटरचा निवाडा

पोर्शे ९११ मधलं ३.२ लिटरचं इंजिन तेल पितं, आणि ते वापरणाऱ्या कुणालाच याचं नवल वाटत नाही. दर हजार किलोमीटरला दीड लिटरपर्यंत तेल गेलं तरी चालेल, असं कंपनीच्याच पुस्तिकेत लिहिलेलं असे. त्यामुळे तेलाची पातळी घसरली म्हणून कुणी हे इंजिन उघडायला घेत नाही. आणि उघडलंच, तर खरी पंचाईत पिस्टन किंवा क्रँकपाशी होत नाही. ती होते बारा व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बारा गाइडपाशी. कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे?

इंजिनाची कुळी जुनी आहे. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिच्या सहा सिलिंडरच्या आडव्या इंजिनावर हान्स मेत्सगर यांच्या हाताची छाप आहे. सुरुवातीला ते दोन लिटरचं, १३० अश्वशक्तीचं होतं. वाढत वाढत १९८४ च्या मॉडेलपर्यंत ३,१६४ घनसेंटिमीटर आणि युरोपातल्या गाड्यांत २३१ अश्वशक्तीपर्यंत पोचलं. मूळ आखणी मात्र तीच राहिली. डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन सिलिंडर, प्रत्येकाला वेगळं ॲल्युमिनियमचं हेड, तिन्ही हेडांवर मिळून एक कॅमशाफ्टचं घर. पाण्याचा रेडिएटर नाही. मागचा मोठा पंखा हवा फेकतो आणि उरलेली उष्णता दहा लिटरहून जास्त तेल वाहून नेतं. या इंजिनात तेल हे वंगणही आहे आणि थंडाव्याचं बरंचसं कामही त्याचंच. हे ध्यानात ठेवलं नाही तर गाइडचं दुखणं कळत नाही.

गाइड म्हणजे हेडात ठोकून बसवलेली तांबट रंगाची, ब्राँझच्या जातीची बोटभर नळी. व्हॉल्व्हची दांडी तिच्यातून वर-खाली होते. दांडीचा व्यास जवळपास ९ मिलिमीटर. नव्या गाइडमध्ये दांडीभोवतीची जागा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. एक्झॉस्टच्या बाजूला ती थोडी जास्त ठेवतात, कारण ती दांडी तापून जास्त फुगते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असलं तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो. कॅमशाफ्टने हलवलेला रॉकर दांडीला नुसता खाली दाबत नाही, टोकावरून घसरताना बाजूलाही रेटतो. त्या रेट्याने नळी दोन्ही तोंडांशी लंबगोल होत जाते आणि मध्ये कमी झिजते. बिजागरी सैल झाली की दार चौकटीत नीट बसत नाही, कुठे तरी घासतं, आपटतं; सैल गाइडमधल्या व्हॉल्व्हचं तसंच होतं. तो हेडातल्या सीटवर, म्हणजे टेकण्याच्या कड्यावर, दर वेळी थोडा वाकडा येऊन आदळतो, सीट एका बाजूने खाल्ली जाते, गळती सुरू होते आणि गळणाऱ्या जागेतून गरम वायू जाऊन व्हॉल्व्हची कड जळते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या उष्णतेचा मोठा हिस्सा, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, सीटमधून हेडात जातो. बाकीचा दांडीतून गाइडमध्ये. गाइड झिजलं की दांडी आणि नळी यांच्यातला स्पर्श तुटतो आणि उष्णतेची ही वाट आखडते. म्हणजे गाइड हे नुसतं वाट दाखवणारं नाही, थंड ठेवणारंही आहे. ३.२ च्या पिढीची गाइड लवकर झिजतात अशी ख्याती आहे. कुणी मूळ गाइडच्या धातूला दोष देतं, तर कुणी कमी पेट्रोलावर तापून चालणाऱ्या मिश्रणाला.

लक्षणं फसवी असतात. आडव्या इंजिनात गाडी आठवडाभर उभी राहिली की तेल पिस्टनच्या रिंगांपलीकडे झिरपतं आणि सुरू करताना निळा धूर निघतो. तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही. एखादा लांब उतार ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरावा आणि पायथ्याशी पुन्हा दाबावा. त्या वेळी मागे निळ्या धुराचा लोट उठला तर संशय गाइडवर. बंद थ्रॉटलमागे निर्वात वाढतो आणि तेल इनटेकच्या गाइडमधून ओढलं जातं. कॉम्प्रेशनच्या आकड्याने मात्र कुणी निश्चिंत होऊ नये. गाइड पुरेसं झिजलेलं असूनही सीट अजून शाबूत असेल तर सहाही सिलिंडर ठणठणीत आकडे देतात. गाडी विकणारा तेच आकडे दाखवतो आणि त्यात तो खोटं बोलत नसतो.

मग खरं काय, ते हेड बाकावर आल्यावरच कळतं. नवा व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालायचा, दांडीचं टोक गाइडच्या टोकाशी सपाट येऊ द्यायचं आणि डायल गेजची सुई व्हॉल्व्हच्या माथ्याला टेकवून तो हलवून पाहायचा. कारखान्याच्या कार्यशाळा पुस्तिकेत या हेलकाव्याची मर्यादा ०.८० मिलिमीटर दिली आहे. नवा व्हॉल्व्ह का? जुन्या झिजलेल्या दांडीने मोजलं तर दोष कुणाचा, दांडीचा की नळीचा, हे कळत नाही. मग मायक्रोमीटरने दांडी तीन जागी मोजायची, एकदा उभी आणि एकदा आडवी. नळी आतून मोजण्याचं गेज वेगळं असतं. आपल्याकडे रिबोअरिंगच्या दुकानांत अनुभवी हात नुसत्या बोटानं ढील सांगतो. तो सहसा चुकत नाही, पण या इंजिनात ०.०३ आणि ०.०६ मधला फरक बोटाला कळत नाही.

आता निवाडा. गाइडच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: इंजिन खाली उतरवलं, हेड सुटी केली, की बाराच्या बारा बदलावीत. एका सिलिंडरची दोन बदलून बाकीच्यांची मुदत वाढवण्यात पैसा वाचत नाही. नळीची किंमत किरकोळ आहे. खर्च इंजिन उतरवण्याचा आहे, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा करावा लागतो. हेड उघडलेलीच असतात तर खालच्या ओळीतले हेडचे स्टड पाहून घ्यायचे. डिलावार नावाच्या मिश्रधातूचे ते स्टड तुटण्याबद्दल बदनाम आहेत.

व्हॉल्व्हचा हिशेब मात्र एकेकट्याचा. इनटेकचे ४९ मिलिमीटरचे जुने व्हॉल्व्ह अनेकदा चांगले निघतात. दांडीवरचा क्रोमचा थर अखंड असेल, टोक आणि खाचा झिजलेल्या नसतील, माथ्याची कड घासल्यावरही जाड उरत असेल, तर ते ठेवायला हवेत. बाजारातल्या स्वस्त नव्यापेक्षा मूळ जुना इनटेक व्हॉल्व्ह परवडतो, हे मी ठामपणे सांगतो. नवं म्हणजे चांगलं, ही समजूत विक्रेत्याच्या फायद्याची. कड पातळ झाली असेल तर मात्र दयामाया नको, कारण पातळ कड लवकर तापते, मग जळते, आणि कधी तुटतेही.

एक्झॉस्टचा खटला वेगळा. या ४१.५ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते आणि तिच्यात सोडियम भरलेलं असतं. सोडियम ९८ अंशांच्या आसपास वितळतं आणि चालत्या इंजिनात दांडीत खळबळून माथ्याची उष्णता वर गाइडकडे नेतं. ही युक्ती विमानांच्या इंजिनांतली. अमेरिकेत १९२० च्या दशकात सॅम हेरन या इंजिनिअरने ती प्रत्यक्षात आणली. सोडियमचा व्हॉल्व्ह बाहेरून कितीही नीटस दिसला, तरी किती तास तापला आणि किती वेळा ताणला गेला, ते डोळ्यांना दिसत नाही. माथा दांडीपासून तुटला तर पिस्टन, सिलिंडर, हेड, सगळं एका क्षणात गेलं. एक लाख किलोमीटरांहून जास्त चाललेल्या, इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात एक्झॉस्टचे सहाही नवे घालावेत. जुने टाकताना कापू नयेत, की भंगारवाल्याला न सांगता देऊ नयेत. सोडियमला पाणी लागलं की पेट घेतं.

एवढं ठरलं तरी काम संपत नाही, कारण नवं गाइड बसवणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून आहे. जुनी नळी सरळ ठोकून काढली तर ॲल्युमिनियमच्या भोकाला चरे पडतात. जाणकार आधी तिला आतून कोरून पातळ करतो, हेड तापवतो आणि मगच ढकलतो. भोक मोजून नव्या गाइडचा बाहेरचा व्यास त्या भोकासाठी घासून घेतो, कारण चाळीस वर्षं तापलेल्या बारा भोकांची मापं आता एकसारखी राहिलेली नसतात. बसवल्यावर आतलं माप रीमर आणि होनने पूर्ण होतं. मग सीट कापायची, आणि त्या कटरचा आधार नव्या गाइडमध्येच असतो. म्हणून जुन्या सीटवर नवं गाइड हा अर्धवटपणा आहे. गाइडचा मध्य जरासा सरकला की सीट पुन्हा कापणं भाग पडतं. मधला कोन ४५ अंश, वर-खाली दुसरे दोन कोन, आणि टेकण्याची पट्टी सव्वा ते दीड मिलिमीटर रुंद. जास्त कापलं तर व्हॉल्व्ह आत खोल जातो, दांडी पलीकडे वर येते, आणि स्प्रिंगची उंची शिम घालून पुन्हा जमवावी लागते. म्हणून किंमत विचारण्याआधी त्या माणसाला विचारावं, तुम्ही गाइड घालून झाल्यावर सीटचा मध्य कसा तपासता? उत्तर लगेच आलं नाही तर हेड त्याच्याकडे ठेवू नये.

शेवटची तपासणी अगदी जुनी आहे, पण कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाची. स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून हेड पोर्टाचं तोंड वर करून ठेवायचं आणि पोर्टात थोडं रॉकेल ओतायचं. पंधरा मिनिटांनी व्हॉल्व्हच्या कडेभोवती ओल दिसली तर ते हेड तसं बसवू नये. व्हॉल्व्ह काढून पुन्हा पेस्ट लावून घासायचा, पुन्हा ओतायचं. सहा हेडांची ही तपासणी पूर्ण झाली की मगच रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली थंड अवस्थेतली फट ०.१० मिलिमीटर ठेवायची. आणि हजारेक किलोमीटर चालल्यावर ती फट पुन्हा एकदा मोजायची, कारण नवी सीट बसत असताना व्हॉल्व्ह किंचित आत जातो आणि फट कमी होते.